श्वासाची जागा

माझा स्वभाव संशयी आहे, असं घरात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. दुकान चालवायचं तर घरातलं कुणीतरी संशयी असावंच लागतं. अप्पांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर, सोपवलं असतं तर लोकांनी आमच्या दाराची कडीसुद्धा 'घरी लावून बघतो' म्हणून नेली असती, आणि अप्पांनी ती कागदात गुंडाळून दिली असती.

आमचं दुकान आवाजाच्या मशीनच्या दुरुस्तीचं. तीन खोल्या, एकामागे एक. पुढे काउंटर, तिथे मी. मधे कामाचं टेबल आणि अप्पांची खुर्ची, जिच्या हातांवर सोल्डरिंगच्या चटक्यांचे काळे ठिपके आहेत. मागची खोली ऐकायची. तिथे भिंतीला जाड गोधड्या टांगलेल्या, समोर दोन मोठे स्पीकर, आणि मधोमध अप्पांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने बांधलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. काचेच्या नळ्यांचा. बटण दाबलं की लगेच बोलत नाही, आधी तापतो, मग नळ्यांच्या पोटात नारिंगी उजेड दिसतो, आणि अप्पा म्हणतात, "हं, उठला." हल्लीची ट्रान्झिस्टरची मशीनं हलकी, गार, बटणासरशी चालू. अप्पांच्या मते ती गात नाहीत, आरडाओरडा करतात. यावर आमच्या दुकानात माणसं हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहेत. मला विचाराल तर मला दोन्हींत काडीचा फरक कळत नाही. अर्थात, हे मी काउंटरवर बोलत नाही.

अप्पांची परीक्षा ठरलेली. त्यांच्याकडे एक जुनी तबकडी आहे. त्यात गाणारी बाई शेवटची ओळ उचलायच्या आधी एक बारीकसा श्वास घेते. "हा श्वास ऐकू आला तर मशीन खरं," अप्पा म्हणणार, आणि गिऱ्हाइकाकडे बघत बोट वर करणार, नेमकं त्या जागी. लोक लांबून यायचे ते यासाठीच. अप्पांनी मान हलवली की मशीन चांगलं, नाही हलवली की गेलं भंगारात. शहरातले तज्ज्ञ काय म्हणतात याला कुणी विचारत नसे. अप्पांचा कान म्हणजे शेवटचा शब्द.

तर या वर्षी अप्पांची कुरकुर सुरू झाली. "आपल्या मशीनचा आवाज बसलाय गं. वरचा सूर झाकल्यासारखा येतो. श्वास तर गेलाच."

मी म्हटलं, "तुम्हीच बांधलंय, तुम्हीच बघा."

ते बघत बसले. आज हा भाग बदल, उद्या तो. मशीन उलटं पालटं करून ठेवलेलं, पोट उघडं. दुरुस्त करून लावायचे, ऐकायचे, तोंड वाकडं करायचे आणि परत उघडायचे. जेवतानासुद्धा त्यांचं लक्ष ताटात नसायचं. माणूस आजारी पडल्यावर करावी तशी त्यांची त्या मशीनची उस्तवार चाललेली. माझा जीव तुटायचा, आणि रागही यायचा.

राग कुणाचा, तर धाकट्याचा. धाकटा म्हणजे माझा भाऊ. दिसायला साळसूद, बोलायला लोणी. त्याचं म्हणणं कधीपासूनचं की मधल्या खोलीतलं टेबल काढून तिथे काचेचं कपाट लावू, मोबाइलची कव्हरं ठेवू, चार्जर ठेवू. अप्पा नाही म्हणाले. धाकटा त्यावर चकार शब्द बोलला नाही. माझ्या डोक्यात तेव्हाच घंटा वाजली, कारण हा मुलगा लहानपणी हट्ट सोडायचा तेव्हा गप्पच व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती वस्तू त्याच्या उशीखाली सापडायची.

मग एक दिवस त्याची पिशवी काउंटरवर राहिली. मी उघडली. होय, उघडली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. आत लोकरीच्या मोज्यांत गुंडाळलेले व्हॉल्व्ह. अप्पांच्या मशीनचे. मी ते काचेवरच्या खुणेवरून ओळखले, लहानपणापासून पुसत आले आहे.

म्हणजे असं शिजतंय, मी मनात म्हटलं. चांगले व्हॉल्व्ह हा काढतोय आणि बापाच्या मशीनमध्ये मेलेले घालतोय. जुन्या व्हॉल्व्हना हल्ली शौकीन लोक डोक्यावर घेऊन नाचतात, हे त्याला पक्कं माहीत. आणि वरून अप्पांचं मशीन बसलं की अप्पा बसले, अप्पा बसले की टेबल मोकळं. एका दगडात किती पक्षी, ते तोच जाणे. पिशवी मी होती तशी बांधून ठेवली. बोलले नाही. आरडाओरडा केला असता तर त्याने हजार कारणं दिली असती, आणि अप्पांना ती सगळी पटली असती. मला तो रंगेहाथ हवा होता.

त्यातच दातवाले डॉक्टर आले. आमच्याकडे दर रविवारी सकाळी ऐकायला येणारे चारदोन लोक आहेत, त्यातले हे. दात काढताना तोंडात बोळे कोंबून पेशंटशी गप्पा मारायची त्यांना सवय, त्यामुळे समोरचा बोलू शकतो हेच ते विसरले आहेत. त्यांनी नवं ट्रान्झिस्टरचं मशीन घेतलं होतं आणि ते मिरवायला आणलं होतं.

"अप्पा, पडद्यामागे ठेवून ऐकलं तर तुम्हाला ओळखू येणार नाही, कुठलं तुमचं आणि कुठलं माझं," डॉक्टर म्हणाले.

अप्पा हसले. पण ते हसू मला जड वाटलं. "लावा पडदा," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी. मला ओळखता आलं नाही तर त्या खुर्चीत मी परत बसणार नाही. टेबल धाकट्याने न्यावं, काय करायचं ते करावं."

हे ऐकून धाकट्याचा चेहरा खुलायला हवा होता. तो उतरला. लबाडाचं नाटकसुद्धा किती बारीक असतं बघा, असं मला वाटलं. आणि लगेच तो म्हणाला, "खटका मी मारीन. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

आता सांगते खटका म्हणजे काय. अप्पांनीच बनवलेली एक लाकडी पेटी आहे. दोन मशीनं तिला जोडायची, वरचा खटका इकडे केला की एक मशीन वाजतं, तिकडे केला की दुसरं. मागे दोन बारकी बटणं, दोन्हींचा आवाज सारखा करायला. हे सारखं करणं फार महत्त्वाचं. आमच्या धंद्यातलं पोरसुद्धा सांगेल, दोन मशीनांतलं एक किंचित जरी मोठं वाजलं तरी गिऱ्हाइकाला तेच जास्त चांगलं वाटतं. मोठं आहे हे त्याला कळतसुद्धा नाही. फक्त म्हणतो, हे भारी आहे. विकणारे लोक यावरच बंगले बांधतात.

आठवडाभर धाकटा अप्पांना घेऊन मागच्या खोलीत सराव करायचा. दार लोटलेलं. मी बाहेरून कान लावायचे. अप्पांचा आवाज यायचा, "हे आपलं. हे डॉक्टरचं, ओरडतंय." आणि धाकट्याचा, "बरोबर, अप्पा." दर वेळी बरोबर. म्हणजे अप्पांना तो गाफील ठेवतोय, सरावात जिंकवतोय आणि रविवारी तोंडघशी पाडणार. याहून वेगळा अर्थ माझ्या डोक्यात येईना.

शनिवारी तो जेवायला घरी गेला, तेव्हा मी मीटर घेऊन मागच्या खोलीत शिरले. दोन्ही मशीनांतून एकच सूर सोडला आणि मोजला. अप्पांचं मशीन कमी वाजत होतं. थोडंसंच, कानाला कळणार नाही इतपत, पण मीटरचा काटा खोटं बोलत नाही. बटणं चुकून हललेली नव्हती. त्यांच्यावर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ती जागेवर पक्की केलेली होती. माझंच नेलपॉलिश. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काय सांगू.

मी ठिपके खरवडले. दोन्ही आवाज अगदी तंतोतंत सारखे केले, आणि परत वर तसेच ठिपके दिले. मुकाट्याने काउंटरवर येऊन बसले. तो परत आला तेव्हा मी त्याला पाणीसुद्धा विचारलं. इतकी गोड मी सहसा नसते, पण त्याला संशय आला नाही. संशय घेणं हे माझं काम आहे.

रविवारी डॉक्टर आले, त्यांच्याबरोबर घड्याळं दुरुस्त करणारे काका आले. दोरीवर चादर टाकून पडदा केला. अप्पांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि खुर्ची मधल्या खोलीतून आत आणवली होती, आपलीच खुर्ची. पडद्यामागे धाकटा. मीही तिथेच उभी राहिले.

"तू कशाला?" तो कुजबुजला.

"बघायला," मी म्हटलं.

तबकडी लागली. गाणं झालं, धाकट्याने खटका मारला, तेच गाणं परत. माझे डोळे त्याच्या हातावर. हात स्वच्छ होता. खटका नीट बसला, पेटीवरचा दुसऱ्या मशीनचा दिवा लागला, सगळं सरळ.

"परत लाव," अप्पा म्हणाले.

परत लावलं. इकडे, तिकडे, परत इकडे. चादरीच्या फटीतून मला अप्पांचा चेहरा दिसत होता. ते कान पुढे करून बसले होते, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"फसवताय," ते म्हणाले. "दोन्ही वेळेला एकच मशीन लावलंय तुम्ही."

डॉक्टर म्हणाले, "मलाही तसंच वाटलं बुवा." आणि घड्याळवाले काकाही त्यावर मान डोलवू लागले.

धाकट्याने वाकून पेटीच्या मागे बघितलं. बटणांवरचे ठिपके त्याने बोटाने चाचपले. माझे ठिपके ओले नव्हते, पण जरा मोठे पडले होते. त्याने माझ्याकडे मान वर करून बघितलं. चोराचा चेहरा मला ओळखता येतो, तो नव्हता. एखाद्याच्या हातून ताट पडावं तसा तो चेहरा होता.

"हो अप्पा," तो मोठ्याने म्हणाला. "खटका अडकलाय. आज नाही होणार. पुढच्या रविवारी बघू."

डॉक्टरांनी कुरकुर केली, पण गेले. अप्पा खुर्ची ओढत मधल्या खोलीत घेऊन गेले. मी धाकट्याला गोधड्यांच्या कोपऱ्यात गाठलं.

"खटका अडकला नव्हता."

"नव्हता," तो म्हणाला. "ताई, काय करून ठेवलंस हे? अप्पांना वरचं ऐकू येत नाही आता. बोलणं येतं, गाणं येतं, पण वरचं सगळं गेलंय. श्वास तर नाहीच. मशीन बसलेलं नाहीये. मी त्यांचं मशीन किंचित कमी ठेवायचो. कमी वाजलं की त्यांना ते मऊ वाटतं, आपलं वाटतं. जास्त वाजलं की म्हणतात डॉक्टरचं ओरडतंय. त्यांना स्वतःलाही ठाऊक नाही ते कशावरून ओळखतात."

"आणि मोज्यातले व्हॉल्व्ह?"

"माझी पिशवी उघडलीस?"

"व्हॉल्व्ह."

"अप्पांनीच काढून भंगाराच्या डब्यात टाकले होते, खराब झाले म्हणून. एकही खराब नाहीये. मी उचलून ठेवले. उद्या त्यांना हवे झाले तर?"

मला पटलं नाही. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की काय बेमालूम गोष्ट रचली आहे याने. ओळखता आलं नाही म्हणजे बहिरे झाले काय? मलाही ओळखता येत नाही. डॉक्टरांनाही आलं नाही. मी म्हटलं, "बघते."

आमच्याकडे सूर काढणारं एक यंत्र आहे, स्पीकर तपासायला. त्याचं चाक फिरवलं की घुमण्यापासून बारीक शिट्टीपर्यंत हवा तो सूर निघतो. मी ते मधल्या खोलीत नेलं, अप्पांच्या टेबलाच्या टोकाला ठेवलं, छोट्या स्पीकरला जोडलं. अप्पा चहा घेत होते. पुढ्यात मशीन उलटं पडलेलं, परत उघडलेलं. मी चाक फिरवत नेलं, पार वर. शिट्टी अशी सुटली की माझ्या दाढा शिवशिवल्या. कानात सुई घालावी तसं. धाकट्याने दारात डोळे मिटून घेतले.

अप्पांनी बिस्कीट चहात बुडवलं. ते मोडायच्या आत अलगद उचललं आणि खाल्लं. दुसरं घेतलं.

इतकी वर्षं या माणसाने बाजूच्या गल्लीतून जाणाऱ्या सायकलचं चाक तेल मागतंय हे ऐकून सांगितलं होतं. मी यंत्र बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात शेजारची शिंपीण कानांवर हात ठेवून आत आली.

"अहो, बंद करा ते आधी," ती म्हणाली. "माझे दात आंबले तिकडे."

अप्पांनी मान वर केली. "काय बंद करा?"

अप्पांनी शिंपिणीच्या कानांवरच्या हातांकडे बघितलं, धाकट्याकडे बघितलं, मग टेबलाच्या टोकाला. यंत्राचा दिवा लागलेला होता.

"ते चालू आहे का?"

"नाही अप्पा, नुसता दिवा आहे," धाकटा म्हणाला.

"तू गप्प बस. तुझा माझ्यावर जीव आहे, तू काहीही सांगशील. मी हिला विचारतोय." ते माझ्याकडे वळले. "तू कधी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलली नाहीस. चालू आहे का ते?"

आयुष्यात पहिल्यांदा मला खोटं बोलावंसं वाटलं. पण ते माझ्याकडे असे बघत होते, जणू घरात एवढी एकच जागा त्यांना टेकायला उरली आहे, आणि ती मी आहे. तीही काढून घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

"चालू आहे," मी म्हटलं.

शिंपीण कधी निघून गेली, मला कळलं नाही. मी यंत्र बंद केलं. अप्पा चहाच्या कपात बघत बसले. त्यांचा हात उलट्या पडलेल्या मशीनच्या पोटात गेला, तारांवरून फिरला, त्यांनी इतके महिने उगाच उकलून परत जोडलेल्या तारांवरून. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे मशीन ठीक आहे."

"ठीक आहे, अप्पा."

"मला वाटत होतं, माझ्याच हाताने बांधलेलं, आणि मलाच त्याचा रोग सापडत नाही." त्यांनी डोळे पुसले, उघडपणे, शर्टाच्या बाहीने. "बरं झालं बाई. ते बरं आहे, हे बरं झालं."

धाकटा आत गेला आणि मोजे घेऊन आला. अप्पांनी एकेक व्हॉल्व्ह बाहेर काढला, उजेडात धरला आणि जागेवर बसवला. मोजे परत देताना धाकट्याच्या पाठीवर थोपटलं. मी दोघांकडे पाठ करून काउंटर पुसत होते. तो स्वच्छच होता.

पुढच्या रविवारी डॉक्टर परत आले. अप्पांनी पडदा लावू दिला नाही. "मला ओळखता येत नाही, डॉक्टर. कान गेला," ते म्हणाले, पानपट्टी बंद झाली म्हणावं इतक्या साधेपणाने. अप्पा शब्दाचे पक्के, त्या खुर्चीत ते बसणार नव्हते. खुर्ची त्यांनी परत ऐकायच्या खोलीत आणवली आणि मला खूण केली. "बस."

"मला फरक कळत नाही, अप्पा. कधीच कळला नाही."

"माहीत आहे मला. म्हणून तर बस. जे ऐकू येईल तेच सांगशील."

मी बसले. ते बाजूच्या स्टुलावर, हात मशीनच्या पेटीवर टेकलेला. नळ्यांत नारिंगी उजेड आला. "हं, उठला," ते म्हणाले, आणि धाकट्याने तबकडीवर सुई ठेवली. "श्वास आला की बोट वर कर."

गाणं चाललं. शेवटची ओळ जवळ आली, बाईने श्वास घेतला, मी बोट वर केलं. अप्पांनी मान हलवली. "परत," ते म्हणाले. परत लावलं, परत बोट, परत मान. त्यांचे डोळे माझ्या बोटावर. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा माझा मेला स्वभाव आडवा आला. हे नुसतं माझं बोट बघून मान हलवतायत, मला बरं वाटावं म्हणून, असं मनात आलं. म्हणून मी मुद्दाम आधीच बोट वर केलं, श्वास यायच्या जरासं आधी.

अप्पांनी मान हलवली नाही. त्यांनी माझा हात धरून खाली ठेवला.

"अजून नाही," ते म्हणाले. थोडं थांबले. मग माझा हात त्यांनीच वर उचलला, आणि त्याच क्षणी बाईने श्वास घेतला.